चित्रं वगळून

भिगवण,
८ जानेवारी २०२५

ती. स्व. जोतीराम मामांस,
सा. न. वि. वि.

साष्टांग सवयीनं लिहिलं गेलं. आज नुसता उभ्यानं नमस्कार समजा.

वाचनालयाच्या कथास्पर्धेची चिठ्ठी मिळाली. दोनच ओळी. ‘सदर साहित्यकृतीत चित्रे असल्याने तिचा कथा विभागात विचार करता येत नाही. इच्छा असल्यास बालविभागाकडे पाठवावी.’ खाली तीन परीक्षकांच्या सह्या आणि मधली तुमची. ती सही मी लांबून ओळखतो. मे महिन्याच्या सुट्टीत माझ्या शुद्धलेखनाच्या वह्यांवर हीच असायची.

एक तर साहित्यकृती म्हणा, नाहीतर बालविभागात टाका. दोन्ही एका चिठ्ठीत कसं म्हणता? आणि बालविभाग! बालविभागात ससा असतो, सिंह असतो, शेवटी तात्पर्य असतं. माझ्या कॉमिकमध्ये बारामतीची एसटी आहे, एक पोरगा आहे, एक पोरगी आहे आणि तात्पर्य कुणाच्या बापाला सापडणार नाही. अकरा महिने, बत्तीस पानं, सगळी हातानं. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातात आणि पेन दुसऱ्या हातात धरून काढलीत. शाईला कालवणाचा वास येत असेल तर त्याचं कारण ते.

तुम्हाला वाटत असेल की चित्र वाचायचं नसतं, बघायचं असतं. मग या एकदा आप्पासाहेबांच्या फ्लेक्सच्या दुकानात. मी दिवसाला आठ वाढदिवस छापतो. कुणाचा फोटो केवढा, कोण कुणाच्या उजव्या हाताला, कुणाचे हात जोडलेले आणि कुणाच्या कानाला मोबाइल, यावरून अख्ख्या तालुक्याला कळतं की कोण कुठल्या गटातून कुठल्या गटात गेला. एक अक्षर न वाचता! परवा एका कार्यकर्त्याचं डोकं शेजारच्यापेक्षा अर्धा इंच बारीक झालं, तर तो चार मोटारसायकली घेऊन दुकानावर आला. म्हणाला, हे वाचून लोक काय समजतील? बघा, ‘वाचून’ म्हणाला. त्याला कळतं, तुम्हा तिघांना कळत नाही.

कॉलेजात काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. सरांनी माझा प्रकल्प चाळला, शब्द मोजले, आणि ही जाहिरात आहे असं म्हणून अख्ख्या वर्गाला दाखवला. मी बाकावरून उठलो तो थेट स्टँडवर आलो. दीड वर्ष झालं. तेव्हा तुम्ही म्हणाला होतात की सर चुकले, पण तू उठायला नको होतंस. आता तुम्ही स्वतःच सर झालात. आता मी कुठून उठू?

तुमचा नंबर ब्लॉक केला आहे. मामींचा चालू आहे. राग आला की फोन करू नये, कागदावर लिहावं, हात दुखला की राग उतरतो, हे तुम्हीच शिकवलंत. तिसरं पान चालू आहे. हात दुखतोय. राग जागचा हललेला नाही.

पानं तुमच्याच कपाटात राहू द्या. मी न्यायला येणार नाही. तुमचा लोभ आहे का नाही ते तुम्ही बघा, माझा सध्या आटलेला आहे.

तुमचा भाचा (नाइलाजानं),
अविराज

•

बारामती,
१५ जानेवारी २०२५

चि. अविराज यास,
अनेक आशीर्वाद. हे ब्लॉक करता येत नाहीत, म्हणून टपालानेच पाठवत आहे.

तुझे पत्र दोनदा वाचले. रागावलेला माणूस इतके ठसठशीत अक्षर काढतो हे छत्तीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच पाहिले. तो अर्धा इंचवाला कार्यकर्ता फार आवडला. त्याच्यावर एक गोष्ट लिही. मात्र लिही.

सही माझी आहे आणि ती मी झोपेत केलेली नाही. माझी कसोटी साधी आहे. ओवी जात्यापासून सोडवली तरी ओवी उरते. पोवाड्यातला डफ काढून घेतला तरी पोवाडा वहीत उरतो. नाटकाचा पडदा, पेटी, रंग सगळे गाडीत घालून गावी पाठवले तरी नाटक कागदावर जिवंत असते. तुझ्या पानांतून चित्रे काढून घेतली तर काय उरेल, एवढेच मी विचारतो. काही उरले तर ते साहित्य. मग मी तुझ्यापुढे हात जोडीन. नाही उरले तर ती कला आहे, चांगली कला असेल, पण तिचे दुकान वेगळे. त्यात कमीपणा कसला?

दुसरे, आणि हे परीक्षक म्हणून नव्हे तर मामा म्हणून. तुला अर्ध्यावरून उठायची खोड लहानपणापासून आहे. तबला अर्धा, एनसीसी अर्धी, तुमच्या गोठ्याच्या छपराचे पत्रेही अर्धेच चढवून तू उतरलास आणि उरलेले तुझ्या आबांनी चढवले. कॉलेजचा फॉर्म जूनमध्ये भरता येतो. मी चौकशी करून ठेवली आहे.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे. गोड बोलणे तुझ्या सोयीने सुरू कर. आमचा लोभ आटणाऱ्यातला नाही, तो बारमाही आहे.

तुझा,
जोतीराम मामा

ता. क. (कौसल्या मामीचा) : अवी, ह्यांचं काय मनाला लावून घिऊ नको. ह्यांनी तुझी पानं कपाटात नीट ठिवल्यात, पण बघितली न्हाईत. मी बघितली. दोनदा. पोरगी कोण हाय रं ती? जेवतोस का नुसता रागच खातोस? कळव.

•

भिगवण,
२४ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. आप्पासाहेबांनी अर्धा खाल्ला. मी गोड बोलणार नाही.

तुमची कसोटी वाचून मी दुकानातलं मशीन बंद केलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. पाच मिनिटांनी आत आलो तरी डोकं तापलेलंच. ओवी जात्यापासून सोडवता येते, कबूल. रांगोळी उंबऱ्यापासून सोडवून दाखवा. उसातला रस काढून घेतल्यावर काय उरतं हे इंदापूर तालुक्यात कुणाला विचारू नका मामा, हसतील. तुम्ही रस बाजूला ओतणार, चिपाड जिभेवर ठेवणार आणि म्हणणार, काही गोड लागत नाही ब्वॉ! ही कसोटी नाही, हा चरक आहे.

आणि मामी लिहितात की तुम्ही पानं बघितलीच नाहीत. खरं का हे? न बघता सही केलीत? तुमच्या वर्गात एखाद्यानं धडा न वाचता उत्तर लिहिलं असतं तर तुम्ही त्याला बाकावर उभं केलं असतंत. मी तुम्हाला मनातल्या मनात उभं केलं आहे. बसू नका.

मामींनी ओळखलंच आहे तर सांगून टाकतो. नाव सांगणार नाही. आमच्या भवानीनगरचीच आहे. अकरावीपासून सकाळच्या एकाच एसटीनं बारामतीला जात होतो. ती आता बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, जिथं मी असतो. कॉलेज सोडलं त्याच आठवड्यात मी तिला स्टँडवर गाठून मनातलं सांगायला गेलो. तिनं माझं पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. म्हणाली की तू आजवर कुठलीच गोष्ट शेवटाला नेली नाहीस, आता ही कशी नेशील? आधी एक काहीतरी पूर्ण करून दाखव, मग बोल. एवढं बोलून ती बसमध्ये चढली. त्या दिवसापासून मी बोललेलो नाही.

ही बत्तीस पानं म्हणजे ते एक काहीतरी. ती तुमच्या वाचनालयाची सभासद आहे. कॉमिक स्पर्धेत निवडलं गेलं असतं, तर सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा दिनाला, तुमच्या त्या हिरव्या टेबलक्लॉथवर मांडलं गेलं असतं. तिनं आपणहून उचललं असतं. मी तिच्या हातात देणार नव्हतो. हातात दिलं की ते प्रेमपत्र होतं, टेबलावर ठेवलं की साहित्य. एवढाच माझा बेत होता आणि तुम्ही एका सहीत ते टेबल माझ्या पुढ्यातून ओढून घेतलंत. एप्रिलमध्ये तिची परीक्षा आहे. ती झाली की घरी पाहुणे बघायला येणार, हे मला सिद्धूकडून कळलं आहे. सिद्धू म्हणजे आमच्या बसमधला, अजून तीच बस धरतो.

फॉर्मची चौकशी तुमच्यापाशीच ठेवा.

मामींना सांगा, जेवतो. तुमच्यावरचा लोभ कसोटीला लावला आहे. चित्रं काढून घेतल्यावर तो किती उरतो ते बघून कळवतो.

अविराज

•

बारामती,
२८ फेब्रुवारी २०२५

चि. अविराज यास,
भरभरून आशीर्वाद. आज दोन्ही हातांनी.

बातमी आधी. काल मराठी भाषा दिनाच्या कार्यक्रमात तुझ्या ‘आपल्याला काय’ या कथेस द्वितीय पारितोषिक जाहीर झाले! खुर्चीवरून पडला असशील तर ऊठ आणि पुढे वाच.

तुझे जानेवारीचे पत्र मला लागले. ती सत्तावीस तारीख आणि ते टेबल डोक्यातून जाईना. तेव्हा मी एक गंमत केली. परीक्षक म्हणून राजीनामा दिला, म्हणजे पक्षपात नको. मग तुझी पाने कपाटातून काढली आणि फुग्यांतले सगळे बोलणे ओळीने फुलस्केपवर उतरवून घेतले. एका बाजूस, समास सोडून, माझ्या हाताने, सात पाने. तुझी बोली जशीच्या तशी ठेवली. हात दोनदा शिवशिवला, पण ठेवली. मध्ये सहा पाने तर नुसती चित्रेच आहेत, तिथे उतरवण्यासारखे काही नव्हते म्हणून ती सोडली. तुझ्या नावाने कथा दिली. उरलेल्या दोघा परीक्षकांनी तुझी पाने कधी उघडलीच नव्हती, त्यामुळे त्यांना ठाऊकही नव्हते की ही तीच.

वाचनही मीच केले. दोनशे माणूस होता. अरे, काय हसले लोक! तो पोरगा त्या मुलीला ‘रोपवाटिका’ म्हणतो तिथून सुरू झाले. ‘आली बघ रोपवाटिका! आपल्याला काय त्याचं?’ म्हटल्याबरोबर पहिली रांग हलली. आणि ‘तिच्यापरास तिच्या बापाच्या वांग्याची रोपं बरी दिसत्यात’ या वाक्याला तर मला थांबावे लागले, इतक्या टाळ्या. एक उर्मट, बढाईखोर पोरगा तू नुसत्या बोलण्यातून उभा केलास. चित्रांचा टेकू न घेता! म्हणजे माझ्या कसोटीला कथा उतरली. तू जिंकलास आणि माझेही खरे ठरले, असे कधी झाले आहे का आपल्यात?

कार्यक्रम नीटनेटका झाला. यंदा सत्काराला पुष्पगुच्छ न देता रोपे द्यायची असे मीच सुचवले होते. तुमच्या भवानीनगरच्याच एका सज्जन नर्सरीवाल्यांनी ती आपणहून दिली. लेकीला घेऊन आले होते, तिसऱ्या रांगेत बसले होते. पण माझे वाचन चालू असतानाच दोघे उठून गेले. शेवटची एसटी गाठायची असेल. त्यांचा सत्कार राहून गेला याची चुटपुट लागली.

आता तरी ब्लॉक काढ. हिरव्या टेबलावर सात पाने ठेवली आहेत. ती मुलगी येऊन वाचेल. लोभाची वाढ पारितोषिकाच्या प्रमाणात व्हावी.

तुझा,
जोतीराम मामा

•

भिगवण,
३ मार्च २०२५

मामा,

आज वर काही लिहीत नाही. नमस्कार नाही, विनंती नाही आणि विशेष काय ते खाली आहे.

ते नर्सरीवाले म्हणजे महिपतराव. ती लेक म्हणजे निकिता. ती पोरगी तीच. आता खुर्चीवरून कोण पडतं ते बघा.

सिद्धूनं सत्तावीस तारखेलाच फोन करून सांगितलं होतं. मी चार दिवस तुमच्या पत्राची वाट बघितली, म्हटलं काहीतरी गफलत असेल, मामा असं करणार नाहीत. आणि तुमचं पत्र आलं ते टाळ्या वाजवत!

अहो, तो पोरगा खोटं बोलतो! कॉमिकभर खोटंच बोलतो! शब्द खोटे आणि चित्रं खरी, एवढीच तर सगळी करामत आहे त्यात. ‘आली बघ रोपवाटिका, आपल्याला काय’ म्हणतो तेव्हा चित्रात तो काय करतो ते बघितलंत? ती चढायच्या आधी तिच्या सीटवरचं पावसाचं पाणी आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसतो. कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडतो आणि म्हणतो, मी काय कुणासाठी भांडत न्हाय, हक्काचे सुट्टे हायत. मागं खिडकीतून बघा, ती लांबून धावत येते आहे आणि तो तिच्यासाठी गाडी थांबवून धरतो आहे. आणि ती वांगी! तिनं रोपांचा ट्रे मागं सामानात ठेवलाय, माणसं तुडवणार म्हणून हा तो मांडीवर घेऊन बसलाय, भवानीनगर ते बारामती, आणि उतरायच्या आधी गुपचूप जागेवर ठेवतो. तिला कळतही नाही. त्या चित्राच्या वर ते वाक्य आहे. तुम्ही ट्रे काढून घेतलात आणि वाक्य ठेवलंत. त्याच्या प्रेमाचा पुरावा तेवढा खोडला आणि शिवी मोठ्यानं वाचली. ती पण तिच्या बापासमोर, त्यांनी फुकट दिलेली रोपं शेजारी टेबलावर मांडून!

आणि ‘उतरवण्यासारखे काही नव्हते’ म्हणून सोडलेली सहा पानं? ती आजारी असते, तिची सीट रिकामी असते, पोरगा वाटेत सणसरला उतरून उन्हात चालत परत जातो, नर्सरीच्या कुंपणापाशी उभा राहतो, ती शाल घेऊन रोपांना पाणी घालताना दिसते आणि हा न बोलता माघारी फिरतो. बत्तीस पानांत तेवढ्यातच तो खोटं बोलत नाही, कारण बोलतच नाही. तीच तुम्ही सोडलीत.

सिद्धू सांगतो की बसमध्ये आता पोरं तिला बघून वांगी, वांगी म्हणतात. तिनं माझा नंबर काढून टाकला. महिपतराव आमच्या आबांना साखर कारखान्याच्या गेटवर भेटले आणि म्हणाले की पोरगा शिकला नाही ते चाललं असतं, पण घरची लाज हॉलमध्ये वाचायला द्यायला कुठं शिकला? आबांनी मला फोन केला नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पारितोषिक परत करा. ती सात पानं फाडा, तुमच्या हातानं लिहिलीत तशी तुमच्याच हातानं. मी दीड वर्ष तोंड बंद ठेवून एक गोष्ट पूर्ण केली होती, तुम्ही ती अर्धी करून वाचलीत. खोड माझी म्हणत होतात ना?

लोभाचं नाव काढू नका.

अविराज

•

बारामती,
११ मार्च २०२५

चि. अविराज यास,
आशीर्वाद. घ्यावेसे वाटले तर.

तुझे पत्र मी उभ्याने वाचले. तू मला बाकावर उभे केले होतेस ना, तो बाक आता मिळाला.

वाचून झाल्यावर तुझी मामी आतून पाने घेऊन आली. ती टेबलावर पसरली आणि पहिल्या पानापासून फुग्यांतले शब्द अंगठ्याने झाकत गेली. आता बघा म्हणाली. मी बघितले. ट्रेच्या चित्राला मी चष्मा काढला. ती सहा पाने संपल्यावर तिने अंगठा उचलला आणि आता वाचा म्हणाली. वाचवेना मला. मग मामी मला जे बोलली ते एकतीस वर्षांच्या संसारात बोलली नव्हती. एवढेच सांगतो की ‘शिकलेला आंधळा’ हा त्यातला सौम्य भाग होता.

दुसऱ्या दिवशी पाने घेऊन भवानीनगरला गेलो. महिपतरावांनी शेडनेटच्या बाहेरच थांबवले. म्हणाले, मास्तर, रोपंबी आमची आणि चेष्टाबी आमचीच? मी म्हटले की चेष्टा तुमची झाली, पण ती पोराने केलेली नाही, मी केली. तुमच्याकडच्या रोपाची पाने खुडून मी नुसता दांडा लोकांना दाखवला आणि म्हटले, हे घ्या झाड. ते आत गेले. अर्ध्या तासाने मुलगी आली, माझ्याकडे न बघता पाने घेतली आणि आत गेली. पाणी कुणी विचारले नाही. योग्यच केले.

पारितोषिक परत केले आहे. वाचनालयाच्या फलकावर माझ्या सहीने लिहून लावले आहे की सत्तावीस तारखेला मी वाचलेली कथा अपुरी होती, तिच्यातला मोठा भाग मी मुद्दाम वगळला होता आणि तिच्यामुळे कुणाचा अपमान झाला असल्यास तो माझ्या वाचनाने झाला. सात पाने फाडली. समास सुंदर आला होता.

आता माझा राग ऐक. दोन पत्रे भरून तू माझ्याशी भांडलास, उसापासून उंबऱ्यापर्यंत सगळे आणलेस, पण एका ओळीत सांगितले नाहीस की मामा, माझा पोरगा खोटे बोलतो. मला समजायला हवे होते, कबूल. पण सांगायला हवे तेव्हा न सांगणे ही तुझीही खोड आहे आणि ती तबल्याहून जुनी आहे.

तुझे कॉमिक साहित्य आहे काय, यावर मी हार लिहून देणार नाही. ते भांडण आपण बसून करू. माझी कसोटी मात्र मोडली. ती पुन्हा कुणाला लावणार नाही.

लोभ तू नको म्हणालास म्हणून लिहीत नाही. मामी लिहायला सांगत होती.

जोतीराम मामा

•

भवानीनगर,
१९ मार्च २०२५

अविराज,
न. वि. वि.

‘सप्रेम’ची जागा मोकळी सोडली आहे. ती सध्या कुणाच्या नावावर नाही.

तुझा पत्ता तुझ्या मामींनी दिला. पानं सोबत परत पाठवते आहे. रजिस्टर्ड पोस्टानं, म्हणजे पुन्हा कुणी उतरवून घ्यायला नको.

सगळी बघितली. आधी मी, मग पप्पांनी. पप्पा ट्रेच्या चित्रावर बराच वेळ थांबले. म्हणाले की ट्रे कडेला धरला तर माती सांडते, पोरानं खालून हात लावलाय, ह्याला धरता येतो.  तुझ्या आबांशीही ते परवा कारखान्यावर बोलले.

आता माझं. मला फार राग आला आहे, आणि तुला वाटतो त्या कारणानं नाही. तू मामांवर चिडलास म्हणे. कशाला? तुझी ती वाक्यं तू कॉमिकसाठी रचलेली नाहीत. ‘आली बघ रोपवाटिका’ तू बसमध्ये म्हणायचास. वांग्याचं पण म्हणालास, सिद्धूला, बारावीच्या वर्षी. मी दोन सीट पुढं बसायचे, बहिरी नव्हते. सीट कुणी पुसली, कंडक्टरशी कोण कशासाठी भांडतंय, ट्रे कुणाच्या मांडीवर आहे, हे सगळं माझ्या पाठीमागं. माझ्या वाट्याला नुसते शब्द. तुझ्या मामांनी दोनशे माणसांसमोर पंधरा मिनिटं जे वाचलं, ते मी रोज सकाळी ऐकलं आहे. मग आधी कोणावर चिडायचं ते सांग.

आमच्या नर्सरीचं नाव न विचारता घातलंस. ते बदल. वांगी, वांगी करणाऱ्या पोरांना मी परवा कंडक्टरसमोर सुनावलं. त्यासाठी मला तुझी गरज पडली नाही.

पण तू एक गोष्ट शेवटाला नेलीस, हे मी बघितलं. साहित्य आहे का, ते मला कुणी विचारलं नाही, तरी सांगते. आमच्या अभ्यासक्रमातल्या पुस्तकांवर मी इतकी चिडले नाही आणि त्यातलं एकही पप्पांना वाचायला दिलं नाही. त्या सहा पानांतली शाल तू हिरवी रंगवली आहेस. माझी शाल हिरवीच आहे, म्हणजे तू खरंच कुंपणापर्यंत आला होतास.

आणि एक चूक आहे, मोठी. बत्तीस पानांत ती मुलगी एकदाही मागं वळून बघत नाही. तुझे मामा पप्पांना सांगत होते की हा चित्रात खोटं काढत नाही. काढलंयस. मी वळून बघितलं होतं, काटेवाडी गेल्यावर, आणि एकदाच नाही. तेव्हा तू सिद्धूकडं तोंड करून काहीतरी बडबडत होतास. ती पानं परत काढ.

माझी परीक्षा बारा एप्रिलला संपते.

लोभाचं पानं बघून ठरवू.

निकिता